घरच्या घरीं राऊटर यंत्राची आंखणी

सुताराच्या दुकानांत राऊटर नांवाचें हत्यार पुष्कळांनीं पाहिलें असेल. मिनिटास वीस-पंचवीस हजार फेरे घेणारें एक लहानसें पातें लांकडांत खोबण पाडतें, कडेस गोलाई देतें, नक्षी कोरतें. हें हत्यार सुताराच्या हातांत न देतां आडवें, उभें व खालीं-वर असें सरकणाऱ्या चौकटीवर बसविलें, आणि कोठें व किती सरकावें हें तिला संगणकानें आंकड्यांत सांगितलें, म्हणजे त्यास सी. एन. सी. राऊटर म्हणतात. असें यंत्र स्वतः जुळवावें अशी हौस आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस असते, आणि तिचा खर्च अर्थातच वडिलांच्या खिशांतून व्हावयाचा असतो. म्हणून पैसा कोठें घालावा व कोठें राखावा, याविषयीं कांहीं सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बहुतेकांचें लक्ष प्रथम मोटारीकडे जातें. आमच्या मतें आरंभ मेजाच्या मापापासून करावा. घरावरची पाटी, खेळण्याचे भाग, लहान चौकटी एवढेंच करावयाचें असेल, तर ४०० मि.मी. रुंद व ३०० मि.मी. खोल जागा पुरे आहे. मोठें यंत्र केलें तर केवळ सामान अधिक लागतें असें नव्हे. तें वाकतेंही अधिक.

हें वाकणें हाच सर्व आंखणीचा गाभा होय. पात्याची गाडी मेजावरील कमानींत दोन पोलादी दांड्यांवरून सरकते असें समजा. गाडीची रुंदी धरून दांडे ५०० मि.मी. लांब लागतील. ते दोन्ही टोकांस टेकलेले असून मध्यभागीं सुमारें ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर पडला, तर १२ मि.मी. जाडीचे दोन दांडे मिळून सुमारें ०.३ मि.मी. वांकतील. तेच २० मि.मी. जाडीचे घेतले तर ०.०४ मि.मी. एवढेंच! कारण असें कीं, दांड्याची लांबी दुप्पट केली असतां वाकणें आठपट होतें, आणि जाडी दुप्पट केली असतां तें सोळावा हिस्सा उरतें. याहूनही उत्तम म्हणजे सबंध लांबीभर खालून आधार दिलेली सरक-पट्टी. परंतु ती महाग पडते.

आतां मोटारीचें पाहूं. या कामीं स्टेपर मोटार वापरतात. ती एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते, व चालक-फळी प्रत्येक पावलाचे ८ भाग करूं शकते. म्हणजे एका फेऱ्यास १,६०० पावलें झालीं. मोटारीस जोडलेलें मळसूत्र एका फेऱ्यांत गाडीस ८ मि.मी. पुढें नेत असेल, तर १ मि.मी.स २०० पावलें, म्हणजे एक पाऊल ०.००५ मि.मी.चें. हा आंकडा वाचून मन हरखतें खरें, पण वरील बारीक दांडा त्याच्या साठपट वांकत आहे! ज्याचे दांडे लवतात त्यानें मोटारीवर अधिक पैसा घालणें म्हणजे गळक्या घागरीस चांदीचें झांकण करणें होय. मळसूत्र व त्याची चाकी यांच्या आट्यांत ढील असेल तर दिशा बदलतांना तेवढें अंतर हरवतें. त्याकरितां मध्यें स्प्रिंग असलेली दुहेरी चाकी घ्यावी.

चौकटीस एम. डी. एफ.ची फळी स्वस्त पडते, परंतु ती पाणी पितांच फुगते. कोंकणांत वा मुंबईस, जेथें पावसाळ्यांत भिंती घामेजतात, तेथें चांगला प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बऱ्या. कमान होईल तितकी ठेंगणी ठेवावी. उंच कमान तरफेप्रमाणें डोलते.

यंत्रास आंकड्यांनीं चालविण्याची कल्पना अमेरिकेंतील मिशिगन प्रांताच्या जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वांकडेतिकडे आकार अचूक साधावयाचे, या गरजेंतून ती निघाली, आणि इ. स. १९५२ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेनें छिद्रें पाडलेल्या फितीवर चालणारें यंत्र लोकांस दाखविलें. त्याच्या नियंत्रणास निर्वात नळ्यांनीं भरलेलीं कपाटें लागत. आज तेंच काम तळहाताएवढ्या आर्डुइनो फळीवर ग्रबल नांवाची मोफत मिळणारी आज्ञावली करिते. हा भाग स्वस्त झाला आहे; म्हणूनच वांचलेला पैसा लोखंडांत घालावा.

यंत्र चालवितांना नवखा मुलगा भीतीनें गाडी फार हळू नेतो. दोन धारांचें पातें मिनिटास १८,००० फेरे घेत असेल, तर तें मिनिटास ३६,००० घाव घालतें. गाडी मिनिटास १,८०० मि.मी. गेली तर प्रत्येक घावास ०.०५ मि.मी.ची ढलपी निघते. वेग ३०० वर आणला तर पातें कापीत नाहीं, नुसतें घांसतें. लांकूड काळें पडतें व धार जाते. भीति वाटत असेल तर वेग नव्हे, एका वेळची खोली कमी करावी.

पालकांनीं एक गोष्ट पैशाच्याही आधीं पाहावी. तांबडें बंद-बटण असें जोडलेलें असावें कीं, तें दाबतांच पात्याचा वीजपुरवठाच तुटेल; संगणकाची परवानगी घेत बसणारें बटण कामाचें नाहीं. डोळ्यांवर चष्मा व नाकावर मुखपट्टी हवी, कारण एम. डी. एफ.ची धूळ छातींत जाते. सैल बाह्या, ओढणी, हातमोजे यांपैकीं कांहीं पात्याजवळ नसावें, तीं गुंततात. आणि पातें फिरत असतां वडील माणूस जवळ असावें.

पहिल्या दिवशीं पातें बसवूंच नये. त्या जागीं पेन्सिल बांधून कागदावर ४०० व ३०० मि.मी. बाजूंचा आयत काढवावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. भूमितींत शिकल्याप्रमाणें प्रत्येक कर्ण ५०० भरला पाहिजे. एक ५००.६ व दुसरा ४९९.४ भरला, तर कमान ४०० मि.मी.मागें १ मि.मी. कललेली आहे असें समजावें. मग तिचे बोल्ट सैल करून, गुण्या लावून ती सरळ करावी, आणि नव्या कागदावर आयत पुनः काढवावा.