कर्करोगावरील नवी आशा : मोल आणि मर्यादा

नमुना पाहिल्याखेरीज मालाचा भाव करावयाचा नाही, हा नियम आम्ही धान्याच्या व्यापारात आजवर पाळीत आलो आहो. हल्ली ‘कर्करोगावर औषध सापडले’ ही वार्ता आमच्या फोपनारातही ऐकू येते. तिचे मोलही तसेच पारखून घ्यावे, ह्या हेतूने हा अल्प लेख.

पेशीने केव्हा वाढावे व केव्हा थांबावे, हे तिच्यातील जनुके ठरवितात. त्यांत बिघाड झाला म्हणजे पेशी अनिर्बंध वाढतात, तोच कर्करोग. रक्तातील टी-पेशी ह्या शरीराच्या पहारेकरी होत. परंतु कर्कपेशी घरच्याच असल्यामुळे पुष्कळदा त्या ओळखू येत नाहीत. नव्या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यायोगे त्यांना ‘सीडी-१९’ ही खूण ओळखता येते. मग त्यांची संख्या वाढवून त्या रुग्णाच्या शरीरात परत सोडतात. ह्यास ‘कार-टी’ उपचार म्हणतात.

आनंदाची गोष्ट ही, की हे कार्य मुंबईतच सिद्धीस गेले. आयआयटीचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टर ह्यांच्या परिश्रमांतून ‘नेक्सकार-१९’ निर्माण झाले. त्यास ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. परदेशाच्या मानाने खर्च सुमारे एक-दशांश. तरीही २०२४ मध्ये तो तीस-चाळीस लाखांच्या घरात जात होता.

आता मर्यादा. बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या काही रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत, तेही अन्य उपचार निष्फळ ठरल्यावरच, हा उपयोगी पडतो. तोंडाच्या वा स्तनाच्या कर्करोगावर तो नव्हे.

आमच्या वडील बंधूंनी मानेवरील गाठ आठ महिने झाकून ठेवली. कन्येचा विवाह जुळावयाचा होता. बऱ्हाणपुराहून रेल्वेने त्यांना मुंबईस नेले, तेव्हा डॉक्टरांनी एवढेच विचारले, “इतके दिवस कोठे होता?” ह्याचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. बंधू त्याच वर्षी गेले. विवाह पुढे झाला. कन्यादानास आम्ही बसलो.

म्हणून सभासद बंधुभगिनींस विनंती, की गाठ, न भरणारी जखम वा अकारण घटणारे वजन लपवू नये. गरजू सभासदाच्या पहिल्या तपासणीचा व प्रवासाचा खर्च संघाने उचलावा, अशी आमची सूचना आहे. नवे औषध कितीही गुणकारी असो, रुग्ण वेळेवर पोहोचला तरच त्याचा उपयोग.