वर्गांतील मौन आणि हातांतील यंत्र

"समजलें का?" असें आम्ही प्रत्येक तासाच्या शेवटीं विचारीत असूं आणि सारा वर्ग एका सुरांत "हो" म्हणत असे. त्या होकारावर विसंबून आमची सारी नोकरी झाली. परीक्षेचे कागद हातीं आले म्हणजे त्याची खरी किंमत कळे. परंतु दोष विद्यार्थ्यांच्या माथीं मारणें तेव्हां सोपें वाटे. आतां महाविद्यालयांत फळ्याशेजारीं पडदे आले, मुलांच्या हातीं मोबाईल आले. तरीही कॉलेजांत जाणाऱ्या नातवंडांस विचारून पाहावें; "सर बोलतात, आम्ही ऐकतों," हेंच उत्तर बहुधा मिळतें. यंत्र आलें, पण संवाद आला नाहीं. असें कां व्हावें?

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत एरिक मझूर हे १९८४ पासून पदार्थविज्ञान शिकवीत. विद्यार्थी त्यांची वाखाणणी करीत. १९९० सालीं त्यांनीं वर्गास कांहीं साधे प्रश्न घातले. अवजड मालमोटार व हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर अधिक बल कोणावर पडेल? दोहोंवर सारखेंच, हें खरें उत्तर. पण न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारेही येथें अडखळले. आपण शिकविलें तसें लिहावें कीं आम्हांस वाटतें तसें, असें एका विद्यार्थ्यानें सरळ विचारलें! मझूर यांनीं पुनःपुन्हां समजाविलें. चेहरे कोरेच राहिले. शेवटीं त्यांनीं, आपसांत बोला, असें सांगितलें आणि थोड्याच मिनिटांत वर्गास उलगडा झाला. कारण उघड आहे. ज्यास नुकतेंच समजलें, त्यास आपण कोठें अडलों होतों हें आठवत असतें. पंडितास तें विसरून कित्येक वर्षें लोटलेलीं असतात.

१९९१ पासून त्यांनीं ही रीत नियमित केली. प्रश्न घालावयाचा, प्रत्येकानें मनाशीं विचार करून उत्तर द्यावयाचें, बरोबर उत्तरें शेंकडा ३० ते ७० च्या दरम्यान असलीं, तर शेजाऱ्याशीं वाद करावयास लावून पुन्हां मत घ्यावयाचें. मत देण्यासाठीं पुढें क्लिकर नांवाचें लहानसें यंत्र आलें. आज तें काम मोबाईलवरही होतें. येथें कोणी शंका घेईल कीं, अज्ञान्यांच्या वादांतून ज्ञान कसें निपजावें? कोलोरॅडो विद्यापीठांतील एक अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत, ज्या गटांत आधीं कोणासही बरोबर उत्तर ठाऊक नव्हतें, त्यांतील विद्यार्थ्यांचीही समजूत चर्चेनें वाढलेली आढळली.

आपल्या न्यायसूत्रांत कथेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडतां दुसऱ्याचा खोडून काढावयाचा, ती वितंडा. वर्गांत पहिला हवा, उरलेले दोन नकोत. हा विवेक कोणतें यंत्र करणार? यंत्राचा उपयोग आहेच. लाजरें मूल निर्भयपणें मत देतें आणि गुरुजींस वर्गाची नाडी तत्काळ कळते. परंतु कॅनडांतील एका महाविद्यालयांत क्लिकर व साधीं पुठ्ठ्याचीं पानें यांची तुलना झाली (२००८), तेव्हां विद्यार्थ्यांच्या शिकण्यांत लक्षणीय फरक दिसला नाहीं. विद्या वाढली ती प्रश्नानें व चर्चेनें.

म्हणूनच शिक्षण द्यावयाचें तें प्रथम शिक्षकास. पवईच्या आय. आय. टी.नें केंद्र सरकारच्या योजनेंतून दृक्‌श्राव्य जाळ्याच्या द्वारें देशभरच्या केंद्रांत बसलेल्या हजारों अभियांत्रिकी अध्यापकांचे वर्ग चालविले. तेथील एका अध्यापक-प्रशिक्षणपद्धतीचें तत्त्व आम्हांस फार पटलें: जी रीत पुढें वर्गांत वापरावयाची, ती अध्यापकानें आधीं स्वतः विद्यार्थी होऊन अनुभवावी. एकट्यानें विचार, मग जोडीनें चर्चा, मग सर्वांपुढें मांडणी, ही तशीच एक रीत. तिच संस्थेंत सुमारें ४५० विद्यार्थ्यांच्या संगणकवर्गांत तिचा अभ्यास झाला व तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. एवढ्या गर्दींतही बहुतेक विद्यार्थी कामांत गुंतलेले आढळले.

अध्यापकास कळ दाबावयास शिकविणें एका दुपारचें काम आहे. कठीण आहे तें निराळेंच. ज्यावर प्रामाणिक मतभेद होईल असा प्रश्न रचणें, चुकीचें उत्तर हंसण्यावारी न नेतां पूर्वपक्ष म्हणून मांडूं देणें, आणि उत्तर ओठांवर असतांना चार मिनिटें गप्प बसणें, हें सवयीनेंच साधतें. प्रशिक्षणाचा वेळ यांत जावा.

आम्हांस तें साधलें नाहीं, हें आज कबूल करितों. आमच्या वर्गांतील शांततेस आम्ही शिस्त समजत होतों. तींत किती मुलांच्या शंका बुडाल्या असतील! आतां घरीं नातवंड पुस्तक घेऊन आलें, म्हणजे आम्ही "समजलें का?" असें विचारीत नाहीं. "तुला काय वाटतें, आणि कां?" एवढेंच विचारतों व थांबतों. थांबणें अजूनही जड जातें.