उबुंटूविषयीच्या मतांतराची मीमांसा

मूळ लिनक्स हा संगणकाच्या कार्यप्रणालीचा केवळ गाभा होय. त्याभोवती पडद्यावरील मांडणी, नित्योपयोगी आज्ञावल्या व स्थापनेची साधने जुळवून जो सिद्ध संच वापरणाऱ्याच्या हाती पडतो, त्यास 'वितरण' म्हणतात. अशा वितरणांपैकी उबुंटूविषयी एके काळी नवशिक्यांत जवळजवळ एकमत होते; ते आज उरलेले नाही.

उबुंटू २००४ मध्ये मार्क शटलवर्थ ह्यांच्या कॅनॉनिकल कंपनीने काढले. त्याचा पाया १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालविलेल्या डेबियनचा. डेबियनची स्थापना त्या काळी नवख्यास जिकिरीची वाटे. उबुंटूने ती सुगम केली, आणि २०११ पर्यंत मागेल त्यास तबकड्याही टपालाने फुकट धाडल्या. नावही अर्थपूर्ण होते. झुलू, खोसा ह्या भाषांत '-न्तु' ह्या 'माणूस'वाचक मूळास 'उबु-' हा भाववाचक पूर्वप्रत्यय लागून 'उबुंटू' बनतो. मराठीने जे काम '-की' हा प्रत्यय शेवटी जोडून 'माणुसकी'त साधले, तेच तेथे आरंभी साधले आहे.

पुढे मात्र ह्याच नावाचा दाखला देऊन टीका होऊ लागली. २०११ मध्ये 'युनिटी' ही नवी मांडणी सर्वांस लागू झाली. २०१२ मध्ये स्वतःच्या संगणकावर काही शोधू जाता ॲमेझॉनच्या विक्रीच्या वस्तूही पुढे येऊ लागल्या. हा प्रकार २०१६ मध्ये आपोआप होणे थांबले, आणि २०१७ मध्ये युनिटी जाऊन 'ग्नोम' परतले. पण वाद शमला नाही. २०२२ च्या आवृत्तीत जुन्याच आज्ञेने फायरफॉक्स मागविले असता ते 'स्नॅप' ह्या कंपनीच्या नव्या वेष्टनात येऊ लागले. एकच वेष्टन अनेक आवृत्त्यांवर चालते व ते बंदिस्त राहिल्याने धोका कमी होतो, हे कंपनीचे समर्थन पोकळ नव्हे. तथापि स्नॅपचे भांडार कंपनीच्याच ताब्यात आहे, आणि खरे शल्य तेच. उबुंटू बिघडले असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप बहुधा गुणवत्तेवर नसून निर्णयाधिकारावर असतो.

असंतुष्टांपैकी अनेकांनी 'मिंट'चा आश्रय घेतला. मिंटने २०२० मध्ये स्नॅपचा आपोआप होणारा शिरकाव रोखला. पण त्याची मुख्य आवृत्ती उबुंटूवरच उभी आहे, हे त्या वादात सोयीस्करपणे विसरले जाते. उलट २०२३ मध्ये डेबियनने यंत्रभागांस लागणाऱ्या अमुक्त आज्ञावल्याही आपल्या अधिकृत स्थापनासंचात घेतल्या आणि जुनी अडचण बरीचशी दूर केली. उद्या उबुंटू नाहीसे झाले तर अडू नये म्हणून थेट डेबियनवर आधारलेली एक निराळी आवृत्ती मिंटनेही राखून ठेवली आहे.