रेल्वेचे आधुनिकीकरण (लेखांक ६) : वेग कुठे अडतो?

भारतातल्या प्रवासी गाड्यांचा कमाल वेग आणि सरासरी वेग यांत मोठी तफावत आहे. जुन्या डब्यांच्या बहुतेक गाड्यांना ताशी ११० किलोमीटरची मुभा होती, पण मेल-एक्स्प्रेसची सरासरी पन्नाशीच्या आसपासच घुटमळत राहिली. ही तफावत कमी करणे हे आधुनिकीकरणातले सर्वांत चिवट काम आहे आणि त्यातला सोपा भाग म्हणजे डबे बदलणे.

पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून स्विस तंत्रावरचे डबे तयार होऊ लागले. २००० मध्ये जर्मनीहून एलएचबी डबे आले आणि पुढे ते कपूरथळ्यात बनू लागले. हे डबे १६० च्या वेगाला पेलतात. जुने डबे साखळीसारख्या स्क्रू कपलिंगने जोडलेले असत, त्यामुळे अपघातात ते एकमेकांवर चढत. एलएचबीचे मधोमध असलेले कपलर तसे होऊ देत नाहीत. सुरुवातीला मात्र गाडी सुटताना आणि थांबताना त्यांचे धक्के चांगलेच बसत. झोपलेल्या प्रवाशांच्या तक्रारी आल्या आणि कपलरमधली धक्का शोषणारी यंत्रणा सुधारावी लागली. २०१८ मध्ये पेरांबूरने जुने डबे बनवणे थांबवले.

२०१९ मध्ये आलेल्या वंदे भारतला स्वतंत्र इंजिन नाही. तिच्या निम्म्या आसांवर मोटारी आहेत, त्यामुळे ती चटकन वेग घेते. त्याचे अप्रूप मुंबईकरांना वाटू नये. १९२५ पासून लोकल याच तत्त्वावर धावते आहे.

या रचनेचा खरा फायदा घाटात दिसतो. कर्जत ते लोणावळा हा भोर घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या गाडीला कर्जतला थांबून मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लावून घ्यावी लागतात. प्रवासी तेवढ्यात वडे घेऊन येतात, पण वेळापत्रकातली मिनिटे जातात ती जातातच. कसारा-इगतपुरी चढावरही हेच. २०१९ मध्ये मुंबईच्या राजधानीला पुढे-मागे इंजिन देऊन कसाऱ्याचा हा खोळंबा टाळण्यात आला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत बँकरविनाच घाट चढतात. तरीही मुंबई-सोलापूर हे सुमारे ४५५ किलोमीटरचे अंतर कापायला वंदे भारतला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. सरासरी सत्तर! घाटातल्या वळणांची वेगमर्यादा आणि उपनगरी मार्गावरची दाटी गाडी नवी आहे म्हणून हटत नाही.

अडचण मुख्यतः मार्गाची आहे. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी एक गाडी स्थानकात उभी राहते. दुहेरीकरणाने तो प्रश्न सुटतो. पण दुहेरी मार्गावरही जुन्या ब्लॉक पद्धतीत दोन स्थानकांदरम्यान एका दिशेने एका वेळी एकच गाडी सोडता येते. स्वयंचलित सिग्नल बसवले की तेवढ्याच अंतरात एकामागून एक गाड्या धावू शकतात. नव्या गाडीच्या उद्घाटनाला जमते तशी गर्दी सिग्नलच्या केबल टाकताना जमत नाही, पण प्रवाशाची मिनिटे वाचतात ती तिथे.

वेग वाढला की डोळ्यांनी सिग्नल पाहून ब्रेक लावण्यावर विसंबता येत नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेले ‘कवच’ त्यासाठी आहे. रुळांमध्ये बसवलेल्या टॅगवरून इंजिनाला आपली जागा कळते, सिग्नलची स्थिती रेडिओवरून येते आणि चालकाकडून लाल सिग्नल ओलांडला जाण्याचा धोका दिसताच ब्रेक आपोआप लागतात. हे सुरुवातीच्या काळात बसले ते दक्षिण मध्य रेल्वेवर. मराठवाड्यातून जाणारा मनमाड-मुदखेड मार्ग त्यातलाच.

राहिला प्रश्न मालगाड्यांचा. सावकाश चालणारी भरलेली मालगाडी आणि एक्स्प्रेस एकाच रुळावर असल्या की एकीला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, काढावे लागते किंवा दुसरी तिच्यामागे रखडते. म्हणून मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग आखले गेले: लुधियाना ते सोननगर हा पूर्वेचा आणि दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा सुमारे १,५०० किलोमीटरचा पश्चिमेचा. पश्चिमेच्या मार्गात मागे पडला तो वैतरणा ते बंदर हा महाराष्ट्रातला शेवटचा टप्पा. मुंबईच्या उंबरठ्यावर मालगाड्या आणि प्रवासी गाड्यांची वाट वेगळी होणे याच टप्प्यावर अवलंबून आहे.