आजारातून सावरलेल्यांना आधार देण्याची मान्यता हवी

आपल्या मोहल्ल्यात कुणाला मानसिक आजार झाला की घरचे लपवतात. अशा वेळी त्याच आजारातून सावरलेला माणूस दोन शब्द बोलला, तर ते पटतात. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. बरे होऊन घरी परतलेले लोक आपल्यातच आहेत.

२०२१ च्या केंद्रीय कायद्यात मानसिक आरोग्य साहाय्यकांचीही नोंदणी आहे. पण त्यासाठी किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी लागते. स्वतः सोसलेल्या अनुभवाला त्यात जागा नाही.

आम्हाला वाटतं, अशांसाठी छोटं प्रशिक्षण, डॉक्टरांची देखरेख आणि सरकारी प्रमाणपत्र हवं. औषध डॉक्टरच देतील. धीर यांनी द्यावा. तोवर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर घरात लिहून ठेवा.