पोटाचे दुखणे आणि बेंबीची साक्ष

बोटाला काटा टोचला, तर तो नेमका कोठे टोचला हे डोळे मिटूनही सांगता येते. पोट दुखू लागले म्हणजे मात्र आपण सबंध पोटावरून हात फिरवतो. डॉक्टरांनी विचारले तरी एका जागी बोट ठेवता येत नाही. हा रोग्याचा दुबळेपणा नव्हे. आतड्यातील ज्ञानतंतूंची रचनाच तशी आहे. ती समजली तर प्रसंगी प्राण वाचतात, म्हणून हा विषय आम्ही श्रोत्यांपुढे मांडीत आहो.

आतड्याच्या भिंतीत ज्ञानतंतूंचे दोन संच असतात. पहिल्याचा कारभार आतड्यातल्या आतड्यात चालतो. १८९९ साली बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याचे बाहेरचे सर्व मज्जातंतू तोडून पाहिले. तरीही आतडे आतून दाबताच दाबाच्या वरचा भाग आकुंचन पावे व खालचा सैल होई. अन्न पुढे सरकविण्याची ही क्रिया मेंदूला न विचारता होते.

दुसरा संच मेंदूकडे वर्दी नेतो. व्हेगस या मोठ्या मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के तंतू आज्ञा आणणारे नसून बातमी नेणारे आहेत. पोट भरले, मळमळते, हे आपल्याला कळते ते बव्हंशी त्यांच्यामुळे. वेदनेची वर्दी मुख्यतः मज्जारज्जूत शिरणाऱ्या तंतूंकडे असते. गंमत अशी, की निरोगी आतडे कापले तरी हे तंतू बहुधा गप्प राहतात. पण वायूने ते ताणले गेले, त्याला सूज आली किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला, की माणूस कळवळतो.

हे तंतू संख्येने थोडे, आणि त्वचेच्या तंतूंबरोबर एकाच वाटेने मज्जारज्जूत शिरणारे. आंत्रपुच्छाचे, म्हणजे अपेंडिक्सचे तंतू जेथे शिरतात, तेथेच बेंबीभोवतालच्या त्वचेचेही येतात. म्हणून अपेंडिक्स सुजले, की प्रथम दुखते ते बेंबीपाशी! काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. त्या अस्तराचे तंतू त्वचेसारखेच चोख असल्यामुळे मग दुखणे उजवीकडे खाली स्थिरावते.

आता मुद्द्याची गोष्ट. पोट दुखले की एरंडेल पाजावे, ही चाल आपल्या घरांतून फार जुनी आहे. पण सुजलेल्या अपेंडिक्सच्या रोग्याला जुलाब दिला, तर आतड्याच्या जोरकस आकुंचनाने ते फुटण्याचा धोका वाढतो व पू पोटभर पसरू शकतो. तेव्हा बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकले, अन्नावरची वासना उडाली, मळमळ वा ताप आला, तर एरंडेलाची बाटली फळीवरच राहू द्यावी आणि रोग्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. प्रत्येक रोग्यात हा क्रम दिसेलच असे नाही. म्हणून न थांबणाऱ्या कोणत्याही पोटदुखीत घरी जुलाब न देणे हेच शहाणपणाचे.