हरगिलाबाईंचे डोहाळजेवण

डोहाळजेवण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय काय उभे राहते! हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, ओटीचे सामान आणि ‘पेढा की बर्फी’चा गलका. पण हा सोहळा एखाद्या पक्षिणीचा, आणि तोही गावातल्या साऱ्या बायका जमून थाटात करतात, असे कुणी सांगितले तर? “काहीतरीच बाई!” असेच आपण म्हणू. आसामच्या कामरूप जिल्ह्यात, दादरा आणि आसपासच्या गावांत मात्र हे खरोखरच घडते.

हा पक्षी म्हणजे हरगिला. हाड गिळणारा, म्हणून हरगिला. शब्द असमिया, पण मराठी कानाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. करकोच्याच्या जातीचा हा पक्षी उंचीला जवळजवळ पाच फूट. डोक्याला टक्कल, गळ्याखाली लोंबती पिशवी, भली मोठी चोच आणि चाल अगदी शिपायासारखी ताठ. रूपाने म्हणाल तर यथातथाच! खाणे मासे, बेडूक, मेलेली जनावरे आणि उकिरड्यावरचे मांसमच्छी. म्हणजे गिधाडासारखाच गावाचा बिनपगारी सफाईवाला. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात हे पक्षी मोठमोठ्या इमारतींच्या माथ्यावर उभे दिसत, आणि त्या शहराच्या पालिकेच्या जुन्या चिन्हातही त्यांना मानाची जागा होती.

पुढे पाणथळ जागा बुजल्या, उंच झाडे तुटली आणि हा पक्षी आसाम, बिहारचा काही भाग आणि दूरच्या कंबोडियापुरता उरला. सारे मिळून जेमतेम हजार-बाराशे असतील, असा काही वर्षांपूर्वीचा अंदाज होता. त्यातले बहुतेक आसामात.

आता खरी गोम ऐका. हरगिला घरटे बांधतो ते काही दूर रानात नव्हे, तर गावातल्या कदंबासारख्या उंच झाडांवर. ही झाडे कुणाच्या ना कुणाच्या परसात. पावसाळा सरला की जोड्या जमतात, मादी दोन-तीन अंडी घालते आणि पिल्ले उडेपर्यंत पुढे कितीतरी महिने झाडावर मुक्काम असतो. तेवढे दिवस खाली अंगणात विष्ठा, हाडे आणि कुजक्या मांसाचे तुकडे पडत राहतात. वास तर असा, की जेवण जाऊ नये! लोक म्हणायचे, पक्षी घाणेरडा आहे, अपशकुनी आहे. झाड तोडले की कटकट मिटली.

२००७ साली पूर्णिमा देवी बर्मन ही प्राणिशास्त्राची तरुण अभ्यासक दादऱ्याला गेली, तेव्हा असेच एक झाड पाडलेले तिने पाहिले. घरट्यांतली पिल्ले खाली पडली होती. तिच्या स्वतःच्या जुळ्या मुली तेव्हा तान्ह्याच म्हणायच्या. तिला राहवले नाही, ती जाब विचारायला गेली. लोक भोवती जमले आणि तिचीच हेटाळणी केली. एवढी कळकळ असेल तर तूच येऊन घाण काढ, असे टोमणेही ऐकावे लागले.

दुसरी कुणी असती तर घरी परतून एखादा लेख लिहिला असता. पूर्णिमाबाईंनी पीएच.डी.चा अभ्यास बाजूला ठेवला (ती पदवी पुढे २०१९ साली मिळाली) आणि गावातच काम सुरू केले. त्या टोमण्यातच खरे तर उत्तर होते. घाण काढते कोण? झाड घरधन्याचे असेल, पण अंगण रोज झाडते ती घरधनीण. पक्ष्याचा त्रास तिला, आणि तिला मात्र कुणी काही विचारलेलेच नाही!

म्हणून त्या बायकांकडे गेल्या. व्याख्याने देऊन नव्हे हो! आधी भरवल्या पाककृतींच्या स्पर्धा. पिठा म्हणजे आसामचे घरगुती गोडधोड. ते करता करता गप्पा निघाल्या आणि गप्पांत हरगिला आला. आसामात गर्भारशीला पंचामृत देण्याचा सोहळा असतो, आपल्या डोहाळजेवणासारखाच. तो या बायकांनी हरगिलासाठी सुरू केला. गाणी म्हटली, आशीर्वाद दिले. ज्या पक्षिणीचे डोहाळे पुरवले, तिच्या घरट्यावर कुऱ्हाड चालवायला कोण धजेल?

यातूनच ‘हरगिला आर्मी’ उभी राहिली. गुवाहाटीच्या ‘आरण्यक’ या निसर्गसंस्थेच्या आधाराने चालणारी ही बायकांची फौज आज दहा हजारांवर गेली आहे. पिल्ले पडली तर इजा होऊ नये म्हणून झाडांखाली जाळी बांधतात, नवी रोपे लावतात. हातमागावर गमछे नि मेखला-चादरी विणून त्यांवर हरगिला काढतात. त्याने चार पैसे घरात येतात. म्हणजे पक्ष्याचा त्रास सोसायचा, तर त्याचे देणेही पदरात पडू लागले.

फळ काय मिळाले? दादरा, पचरिया आणि सिंगिमारी या तीन गावांत सुरुवातीला अवघी २८ घरटी होती. २०२२ पर्यंत ती अडीचशेच्या वर गेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने पूर्णिमाबाईंना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा मोठा सन्मान दिला. २०२३ साली जागतिक यादीतही हरगिला ‘धोक्यात आलेला’ या वर्गातून दोन पायऱ्या सुरक्षित वर्गात आला. अर्थात काळजी संपलेली नाही. पाणथळी आक्रसतच आहेत, आणि गुवाहाटीच्या कचऱ्याच्या ढिगांवर हे पक्षी अन्न शोधताना दिसतात.

मैत्रिणींनो, हरगिला आपल्याकडे नाही. पण पावसाळ्यात आपल्याही गावातल्या चिंचेवर, वडावर बगळ्यांची नि रातबगळ्यांची वस्ती होते. खाली गाड्या नि वाळते कपडे खराब होतात, आणि “फांद्या छाटून टाका” असा सूर निघतो. त्या वेळी इतके करता येईल. पिल्ले उडून जाईपर्यंत छाटणी थांबवायला सांगावे. दोन-तीन महिन्यांचाच तर प्रश्न असतो. दोरी नि गाडी तेवढे दिवस बाजूला हलवावी. पिल्लू खाली पडलेच तर त्याला दूध-भात भरवू नये, तोंडात पाणी घालू नये. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ फडके घालून ठेवावे आणि वनखात्याला किंवा जवळच्या पक्षिमित्रांना कळवावे.

आणि घरात झाड तोडण्याचा विषय निघालाच, तर तुमचे मत विचारण्याची वाट पाहू नका. केरसुणी ज्या हातात असते, त्या हाताला तेवढा अधिकार नक्कीच आहे.